उरलेल्या गोळ्या

माझ्या बायकोचं, मंगलचं, बारावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. घरात बसवत नव्हतं. मच्छे गावातल्या कारखान्यात लेथ मशीनवर उभं राहिलं की निदान हात तरी गुंतलेले असतात. पण चार दिवसांत मशीनवरचे दोन तुकडे वाया घालवले तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "परशराम, थोडं दिवस घरी ऱ्हा." मी घरी गेलो नाही. मंगल जिथं गेली त्या दवाखान्यात गेलो. नेमकं काय झालं ते मला विचारायचं होतं.

स्किनच्या डॉक्टर मॅडम कन्नड बोलणाऱ्या, पण मराठी चांगलं बोलतात. त्यांनी खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो.

"मॅडम, एक गोळी माणसाची कातडी सोलून कशी काढती?"

"गोळीनं नाही काढली. शरीरानंच काढली," त्या म्हणाल्या. "रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. काही माणसांत त्यांना हे औषध म्हणजे शत्रू वाटतो. मग त्या एकमेकींना सांगावे धाडतात. सांगावे म्हणजे रसायनं, आम्ही सायटोकाईन म्हणतो. शत्रू आलाय, मारा, अजून काही जणींना बोलवा. ते कातडीपर्यंत पोचलं की तिथल्या पेशी मरायला लागतात. तोंडातल्या, डोळ्यांतल्यासुद्धा."

"मग ते सांगावे अडवायचे."

"त्यातला एक अडवायचं इंजेक्शन दिलं होतं की. पण तोवर फार झाले होते. एक अडवला तर दुसरे पुढं जात होते."

मला अजून विचारायचं होतं, पण त्यांनीच विचारलं, "तुमच्या मुलीला मी सांगितलंय, हे औषध तिनं कधीच घ्यायचं नाही. रक्ताच्या नात्यात हा धोका जास्त असू शकतो. बाईंना बहीण-भाऊ आहेत?"

"धाकटी बहीण हाय. इंदू. वडगावात असती."

"तिलाही सांगा. आणि उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका."

मंगलच्या उजव्या गालात करंट बसल्यासारखी कळ यायची. दात घासता यायचे नाहीत, वारं लागलं तरी ओरडायची. या गोळ्यांनी ती कळ थांबली. मंगलनं सगळ्या पाहुण्यांना फोन करून सांगितलं. पुढं ताप आला, डोळे लाल झाले, तोंड आलं, आणि मग अंगावर फोड.

पिरनवाडीला घरी आलो आणि कपाट उघडलं. औषधाची पिशवी नव्हती. गादीखाली बघितलं, स्वयंपाकघरात सगळे डबे काढून बघितले. मुलीला, रचनाला, फोन लावला.

"बाराव्याला कपाट मावशीनं आवरलं, पप्पा. तिनं न्हेली असंल. तिच्या बी गालात कळ येती म्हणत होती."

इंदूचा फोन वाजत राहिला. उचलला नाही. मी गाडी काढली. वडगावापर्यंत मी सिग्नलला गाडी बंद केली नाही, आणि पुढचा रिक्षावाला हलला नाही की हॉर्न दाबत होतो. एकानं शिवीही दिली. माझ्या डोक्यात एवढंच होतं की सांगावा निघाला असेल का.

इंदूच्या घरात पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम. दोन्ही चालू. त्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय. ती साडीवर वाकलेली होती, तिचा नवरा भावकू सुताच्या कांड्या भरत होता.

"या दाजी," इंदू ओरडून म्हणाली. "आज वाट चुकलासा काय?"

"मंगलच्या गोळ्या तू न्हेलीस?"

"न्हेल्या की. चोरून न्हाय न्हेल्या. लई गुण हाय त्यांचा. भाकरी चावून खायला मिळाय लागली मला."

"इंदू, त्या गोळ्यांनीच मंगल गेली."

"गोळ्यांनी आक्काला बरं वाटलं. मला सोता सांगितली ती. गेली ती तुमच्या दवाखान्यात जाऊन."

मी तिला मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं, पेशी, सांगावे, सगळं. मला नीट जमलं नाही. भावकू हसला.

"पेशी बोलत्यात व्हय, पावणं? कुठल्या भाषेत? कन्नड का मराठी?"

"हसू नको रं. तिच्यात बी त्येच रक्त हाय."

"तुमचं मी का ऐकू?" इंदू माझ्याकडं वळली. "माझी आक्का सवाष्ण गेली. तिच्यासाठी साडी घेऊन आलतो आमी. ह्याच लूमवर विणलेली. आंघोळ न्हाय, हळद न्हाय, कपाळाला कुंकू न्हाय. गुंडाळून आणलासा आणि तसंच न्हेलासा. बहिणीला तोंड बघू दिला न्हाईसा तुमी!"

ते खरं होतं. सवाष्ण गेली की तिला माहेरच्या बायका आंघोळ घालतात, माहेरची साडी नेसवतात. त्या दिवशी मी ॲम्ब्युलन्सच्या दारात आडवा उभा राहिलो आणि कुणाला हात लावू दिला नाही. लोक काय काय बोलले ते माझ्या कानावर आलं. मी कारण सांगितलं नाही. जे मी बघितलं ते इंदूनं बघू नये, रचनानंही बघू नये, एवढंच मला वाटत होतं. मी काय बघितलं ते रचनाला आजही माहीत नाही.

"हळद कशाला लावणार होतीस?" मी म्हणालो.

"काय?" लूमच्या आवाजात तिला ऐकू गेलं नाही.

"लावायला कातडी न्हवती!" मी ओरडलो. "पाठ चादरीला चिकटायची. नर्सा पाणी घालून घालून सोडवायच्या. मी हात धरला, तर माझ्या हातात—"

भावकूनं दोन्ही लूम बंद केले होते. माझं ओरडणं शेजाऱ्यांपर्यंत गेलं असेल.

"साडी नेसवली असतीस तर कातडी तुझ्या हाताला आली असती, इंदू," मी हळू म्हणालो.

ती खाली बसली. मग आत गेली आणि पिशवी आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"आज सकाळी बी घेतली मी," ती म्हणाली. "आता काय हुतंय मला, दाजी?"

तिला गाडीवर बसवून परत दवाखान्यात नेलं. मॅडमनी तिचं तोंड बघितलं, पापण्या उलटून बघितल्या, रक्त घेतलं. ताप नव्हता, काही नव्हतं. गोळ्या त्यांनी ठेवून घेतल्या, कळेवर दुसरं औषध दिलं, ते हळूहळू लागू पडेल म्हणाल्या.

"म्हंजे वाचली न्हवं?" मी विचारलं.

"बंद केलंत ते फार चांगलं झालं. पण आत सुरू झालं असेल तर आज दिसणार नाही. काही आठवडे लक्ष ठेवा. ताप, डोळे, तोंड. काही वाटलं तर लगेच आणा."

तेव्हापासून मी रोज फोन करतो. कामावर जायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, सुटल्यावर. भावकू म्हणतो, पावणं, जरा दम खावा.

काल मी लेथवर असताना इंदूनंच फोन केला.

"दाजी, कळ परत आली!" ती किंचाळतच होती. "भाकरी दुधात बुडवून गिळतीया मी! त्या मॅडमच्या नव्या औषधानं काय हुईना. सुखानं दोन घास खात हुते, तुमाला बघवलं न्हाय! तुमच्या पेशींना आग लागू दे!"

"ताप हाय काय?"

"न्हाय!"

"डोळं?"

"डोळं चांगलं हायत. गाल फाटाय लागलाय, ऐकाय येतंय का न्हाय?"

मंगलचं तोंड आलं तेव्हा तिची जीभ जड झाली होती. शब्द एकमेकांत मिसळायचे, 'पाणी' म्हणलेलंही मला दोनदा विचारावं लागायचं. इंदूचा एकेक शब्द सुटा येत होता. शिवीसुद्धा स्वच्छ.

"बोल इंदू," मी म्हणालो. "अजून बोल."

मशीन बंद करून मी फोन कानाला दाबून धरला आणि ऐकत राहिलो.