सिंकखालचं जंगल

पृथ्वी वाचवण्याचं काम सध्या आमच्या घरातून चालतं. हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो आहे. नेमकी जागा हवी असेल तर स्वयंपाकघर, सिंकच्या खालचं डावं कपाट, फिनेलची बाटली आणि फरशी पुसायचं फडकं यांच्या मधोमध. तिथे एक प्लास्टिकची पिशवी असते.

पृथ्वी वाचवायची आणि तीही प्लास्टिकच्या पिशवीने, हे कसं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तुमचं आणि आमच्या नातीचं चांगलं जमेल.

‘हिरवी टोळी’ नावाची एक कार्टून मालिका आहे. मुलांच्या चॅनेलवर रोज संध्याकाळी सहाला लागते. घरात चार ते दहा वर्षांचं मूल असेल तर तुम्हाला ती तोंडपाठ असणार. नसेल तर थोडक्यात सांगतो: एक कासव, एक पाणमांजर, एक खार आणि एक महाभित्रा कावळा मिळून जंगल सांभाळतात. नदीत घाण सोडणाऱ्या नळांना बोळे कोंबतात, लाकूडतोड्यांच्या करवतींचे दात बोथट करून ठेवतात, आणि भागाच्या शेवटी माणसं ओशाळून माफी मागतात. माणसं इतक्या झटपट ओशाळतात, एवढी एकच गोष्ट मला त्यात न पटणारी वाटते. बोलणारं कासव मी केव्हाच मान्य केलंय.

या मालिकेतले आवाज आमची ही काढते. प्राण्यांचं बोलणं नव्हे; ते नटमंडळी बोलतात. ही बाकीचं सगळं. चित्रातलं कासव चाललं तरी आवाज येत नाही, कारण ते चित्र असतं. तो आवाज कुणीतरी माइकसमोर बसून करावा लागतो. ही एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पलीकडचा माणूस ‘हॅलो’ म्हणायच्या आधी, नुसत्या श्वासावरून तो कोण हे ओळखायची. मी बिस्किटांचा डबा उघडला की आतल्या खोलीतून “दोन पुरे” असं ऐकू येतं, ते मी दुसरं उचलल्यानंतर आणि तिसऱ्याला हात लावण्याआधी. अशा कानापुढे संसार करणं सोपं नाही.

निवृत्तीनंतर हिच्या बहिणीची मुलगी, म्हणजे मालिकेची दिग्दर्शिका, घरी आली आणि म्हणाली, “मावशी, मला तुझे कान हवेत.”

“दोन्ही?” हिने विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागली.

तेव्हापासून कासव चाललं की माझी ऑफिसची जुनी चामड्याची बॅग पिळली जाते. कावळा उडाला की भांडी घासायचे रबरी हातमोजे फडफडतात. खारीने काही कुरतडलं की तो माझा कंगवा. मला त्याची आता गरज नाही, हा निर्णय तिचाच. आणि पायाखाली वाळकी काटकी मोडते ना, कट्ट? तो माझा उजवा गुडघा. सातव्या भागापासून मी मालिकेत आहे. कुठे छापून आलेलं नाही, म्हणून सांगितलं.

राहता राहिलं जंगल. झाडांची ती सळसळ, जी ऐकून मुलं पापणी हलवायची विसरतात, ती एका पिशवीतून येते. बटणं-दोरे विकणाऱ्या एका दुकानाची तपकिरी, पातळ पिशवी. दुकान बंद पडून बारा वर्षं झाली. हे गुपित भाचीने सगळ्यांना शपथ घालून ठेवायला लावलं होतं. प्लास्टिकविरुद्ध लढणाऱ्या टोळीचं अख्खं जंगलच प्लास्टिकचं आहे, हे मुलांना कळलं तर काय होईल याची कल्पना करा. मी शपथ पाळली. जंगल कशातून येतं ते मला ठाऊक होतं. ते राहतं कुठे, हे मात्र मी कधी विचारलं नाही. एवढी मोलाची वस्तू स्टुडिओत कुलपात असणार, असं मी आपलं धरून चाललो होतो.

आता शेवटच्या भागाचं सांगतो. त्यात कासव म्हातारं होऊन एकटंच आपल्या जुन्या झाडाकडे परत येतं. दोन मिनिटं कुणी बोलत नाही, संगीत नाही. फक्त जंगल. चॅनेलचे साहेब म्हणाले, “दोन मिनिटं नुसती सळसळ? पोरं चॅनेल बदलतील!” भाची म्हणाली, “नाही बदलणार. मावशी करणार आहे.” आणि त्या भागात हिचं नाव पडद्यावर एकटं झळकणार, असंही तिने मान्य करून घेतलं. आजवर ते शेवटच्या पाट्यांत, गाड्या पुरवणाऱ्याच्या खाली, अशा वेगाने सरकायचं की टीव्ही थांबवून, चष्मा पुसून वाचावं लागे. ध्वनिमुद्रण गुरुवारी दुपारी दोनला ठरलं.

बुधवारी आमच्याकडे इन्स्पेक्टर आली.

इन्स्पेक्टर म्हणजे आमची नात. वय वर्षं सात. मुलगा-सून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पोरगी शाळेतून परस्पर आमच्याकडे येते आणि आल्या आल्या कचऱ्याची बादली उघडून तपासते, म्हणून हे नाव. शाळेने प्लास्टिक गोळा करायची मोहीम काढली होती. एकवीस पिशव्या आणून देणाऱ्याला ‘वनरक्षक’ असा हिरवा बिल्ला, वर कासवाचं चित्र.

“आजोबा, कुणाच्या आजोबांना अजून बिल्ला नाही मिळालेला,” ती म्हणाली. “एका मुलाच्या आजोबांना मिळतोय, पण ते अठरावरच अडकलेत.”

अठरा! माझ्या अंगात वारं शिरलं. ही बाजारात गेली होती. मी घर उलथंपालथं केलं. गादीखाली सात निघाल्या, दाराच्या मागे नऊ, माळ्यावर चार. वीस. एक कमी. शेवटी गुडघा कट्ट करून मी सिंकखाली वाकलो आणि तिथे फिनेलशेजारी, चौघडी घातलेली, एक तपकिरी पिशवी मिळाली. मला वाटलं, हिने फडकं गुंडाळायला ठेवली असेल.

इन्स्पेक्टरने मोजून घेतल्या, दप्तरातून शाळेचा बिल्ला काढला आणि माझ्या सदऱ्याला स्वतःच्या हाताने लावला. चाळीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेला हा पहिला सन्मान, आणि तोही नोकरी संपल्यावर. मी तो रात्री पायजम्यावरच्या बंडीला लावून झोपलो.

गुरुवारी सकाळी ही स्टुडिओची तयारी करत होती. बॅग, हातमोजे, कंगवा. मग सिंकखालचं कपाट उघडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही.

“अहो, इथली पिशवी?”

“दिली!” मी छाती पुढे काढून म्हणालो. बिल्ला दिसावा म्हणून. “घरात एक ठेवली नाही.”

ही ओरडली नाही. एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई ओरडत नसते. ती लाइन कट करते. फक्त स्टुलावर बसली. “तिथल्या ओलीने ती नरम राहते,” एवढंच म्हणाली. “बाहेर ठेवली की कडक होते.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात मला स्वतःचं तोंड दिसलं.

मी धावत बेकरीतून नवी पिशवी आणली. हिने डोळे मिटून ती चुरगाळली. “ही केकाटते.” मी वर्तमानपत्र पुढे केलं. “हे वर्तमानपत्र आहे.” मी तोंडाने सळसळ करून दाखवली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी चप्पल शोधायला लागलो.

शाळेच्या सभागृहात आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. मधोमध पिशव्यांचा माझ्या छातीएवढा ढीग. भोवती दुसरीची पोरं, आणि ढिगापुढे पाय फाकवून आमची इन्स्पेक्टर. बाराला प्लास्टिक न्यायला ट्रक येणार होता. मी वर्गाच्या बाईंना सगळं हळूच सांगितलं. बाई भल्या होत्या. हसू दाबत म्हणाल्या, “तीन हजार एकशे बारा आहेत. शोधा. पण ढिगाचा चार्ज तुमच्या नातीकडे आहे.”

“दिलेली पिशवी परत मिळत नाही,” इन्स्पेक्टर म्हणाली. “नियम आहे.”

“अगं, पण आजीची—”

“आजोबा, बिल्ला लावून असं बोलतात?”

मागून एक दात पडलेला पोरगा म्हणाला, “हेच का गं ते एकवीसवाले?” मी बिल्ल्यावर हात ठेवला.

ही मात्र सरळ पुढे गेली आणि नातीसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. “टोळीतलं जंगल आवडतं ना तुला? ते कशाने सळसळतं, सांगू?”

मी मनात म्हटलं, संपलं. शपथ गेली, जंगल गेलं, भाची गेली.

“माझ्या एका जुन्या पिशवीने,” ही म्हणाली. “प्लास्टिकच्या.”

पोरांनी एकदम ढिगाकडे पाहिलं. इन्स्पेक्टरच्या कपाळावर आठी आली.

“म्हणजे ती पिशवी आपल्या बाजूची आहे?”

“पहिल्या भागापासून.”

“मग सिंकखाली का राहायची?”

“लपून,” ही शांतपणे म्हणाली. “हेर आहे ती.”

दात पडलेल्या पोराने “आईशप्पथ!” म्हटलं आणि काम सुरू झालं. पोरांनी तपकिरी पिशव्या वेगळ्या काढल्या. तपकिरीच चारशे निघाल्या. दुकानाचं नाव शोधायला गेलो तर ही म्हणाली, चुरगाळून चुरगाळून छपाई केव्हाच उडाली आहे. मग ही भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून बसली. पोरं रांगेने यायची, तिच्या पाठीमागे पिशवी चुरगाळायची, आणि ही सांगायची.

“नाही. औषधाच्या दुकानाची. पुढे.”

“नाही. ही ओली झाली होती कधीतरी.”

“नाही. हिला भोक आहे, बुडाशी.”

पोरं भोक शोधायची आणि ते बुडाशीच असायचं! पन्नासाव्या पिशवीनंतर मागे कुणी कुजबुजेना. बाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. माझ्या शेजारी एक लहानशी पोर होती, तिला मी उगीचच सांगितलं, “माझी बायको आहे.” तिने विचारलं नव्हतं.

बाराला पाच कमी असताना दोन उरल्या. तशाच पातळ, तशाच मऊ. हिने एक ऐकली, दुसरी ऐकली, पुन्हा पहिली ऐकली. ट्रकचा हॉर्न दाराशी वाजला. अडलेली मी तिला प्रथमच पाहत होतो.

“मला द्या,” इन्स्पेक्टर म्हणाली. तिने दोन्ही पिशव्या घेतल्या, आजीसारखे डोळे मिटले, आणि एकेक कानाशी धरून हळू दाबली. मग डावी पुढे केली. “ही. हिच्यात कासव दमतं.”

हिने पुन्हा ऐकलं. आणि माझी बायको, जी लग्नाच्या आल्बममध्येही हसलेली नाही, ती खळखळून हसली. “हो गं बाई,” म्हणाली, “दमतं खरं.”

आजीचा कान नातीत उतरला, हे मला तिथे, तीन हजार एकशे अकरा पिशव्यांच्या साक्षीने कळलं. मी नाक शिंकरलं. धूळ फार होती.

दोनला ध्वनिमुद्रण झालं. मला काचेच्या अलीकडे बसायला मिळालं, गुडघा न हलवण्याच्या अटीवर. माइकपुढे एक बाई आणि एक पिशवी. बोटांची टोकं तेवढी हलत होती. दोन मिनिटांनी भाचीने कानावरचे हेडफोन काढले आणि नुसता अंगठा वर केला. बाजूला चॅनेलचे साहेब होते. ते म्हणाले, “एसीचा वारा लागतोय का हो?” एसी बंद होता.

महिन्याने तो भाग लागला. मुलगा, सून, भाची, सगळे आमच्या बाहेरच्या खोलीत. कासव झाडाशी पोचलं, पान हललं, आणि मी सवयीने उठून खिडकी बंद आहे का ते पाहून आलो. बंदच होती. समोरच्या घरातला टीव्हीही तेच दाखवत होता; तिथलं रोज बोंबलणारं पोर चिडीचूप होतं. मग पडदा काळा झाला आणि हिचं नाव आलं. एकटं. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. पूर्ण चार सेकंद. मी मोजले.

सुनेने टाळी वाजवली. हिने पदराने चष्मा पुसला, तो स्वच्छच होता. मला राहवेना. मी उभा राहिलो, सदरा ओढून सारखा केला, बिल्ल्यावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, “आज या घराला—”

सदऱ्याला खालून ओढ बसली.

“आजोबा,” इन्स्पेक्टर हळू आवाजात म्हणाली, “तुमची एक पिशवी परत आली ना? म्हणजे वीसच झाल्या.”

“हो, मग?”

“मग तो बिल्ला द्या इकडे.”