खाणीच्या वळणावरचा पांढरा टायर

वळण. पहिल्यांदा.

मी एक जुना टायर आहे, मित्रांनो. शेवंतीच्या स्कूटरचा, पुढचा. शिरगावच्या शाळेतल्या मुलांसाठी ती रोज पाव आणि भाजीचा डबा नेते. त्या दिवशी खाणीजवळच्या वळणावर धूळ बसावी म्हणून टँकरने पाणी मारलं होतं. तांबडा, निसरडा चिखल. मी वळत होतो. तेवढ्यात तिने ब्रेक आवळला.

माझी पकड सुटली.

भाजी रस्त्यावर. शेवंतीचं कोपर सोललं. चाळीस मुलांनी कोरडे पाव खाल्ले. मुख्याध्यापिका मालतीबाई म्हणाल्या, "शेवंती, पुन्हा असं झालं तर डब्याचं काम दुसऱ्या बचत गटाला द्यावं लागेल."

नवा होतो तेव्हा माझ्या खाचा खोल होत्या. पाणी त्यांतून निघून जायचं. बाबली मेस्त्रीने थोपटून शाबासकी दिली होती. पुढे तीन वर्षं माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही.

आता त्याच्याच गॅरेजात शेवंती मला शिव्या देत होती.

"वयनी, टायराक कित्याक गाळी घालतंस?" बाबलीने चहाबरोबरचा पाव उचलला. "टायराकडे पकड एकच, ह्या पावासारकी. अर्दी वळणान खाल्ली. ब्रेकाक तू अख्खी मागलंस. तो खंयसून देतलो?"

"मग ब्रेक मारूचोच नाय?"

"मार मगो! पण वळणाच्या आदी, सरळ रस्त्यार. आणि हो टायर झिजलोसा. बदलूक व्हयो."

"तू हंय बसान पाव खा. वळणार माका जावचा आसा."

तिने नवा टायर बसवला. मला मात्र टाकलं नाही. चुना फासून वळणाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला खूण म्हणून अर्धं पुरलं.

वळण. दहाव्यांदा.

रविवार. सरावासाठी डब्यात भाजीऐवजी पाणी. माझ्यापर्यंत ब्रेक, मग हात सैल, मग वळण. एकदा तिने वळण संपण्याआधीच एक्सिलेटर पिळला. मागचा टायर, माझा भाऊ, बाजूला सरकला. पाणी सांडलं. तिने पुन्हा भरलं. गाडी सरळ होईपर्यंत मनगट आवरलं. दहाव्या फेरीला थेंबही सांडला नाही.

वळण. सोमवार.

टँकर नुकताच गेलेला. शेवंती आली. माझ्यापाशी वेग उतरला. वळली. गेली.

थोड्या वेळाने शाळेची घंटा झाली. भाजी पोचली होती.

मित्रांनो, रस्त्याला टेकणारा आमचा भाग तुमच्या तळहाताएवढाही नसतो. त्यावर तुम्ही बसता. घरच्या गाडीच्या टायरांवरून एकदा बोट फिरवा; खाचा लागतात का बघा. आणि माझ्यापाशी पोचाल तेव्हा ब्रेकचं काम संपलेलं असू द्या.

पुढचं वळण टायराला घेऊ द्या.