मार्गशीर्षातली कानबाई

आमच्या वनाच्या सिनेमात शेवटी नदीत उतरतो तो माणूस कोण, असं मला अजूनही कोणीतरी विचारतं. पडद्यावर संवादलेखक म्हणून माझं नाव येतं, म्हणून विचारत असावेत. मी दर वेळी वेगळं उत्तर देतो, आणि घरी आल्यावर वाटतं, हेही चुकलंच.

एक्याण्णव साली धुळ्याला तो सिनेमा सकाळच्या खेळाला लागला तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. सिनेमाभर धोतर-टोपीतली, अहिराणी बोलणारी माणसं, आणि शेवटी एकाएकी चौकड्यांचा शर्ट घातलेला, गळ्यात कसलीशी डबी लटकणारा एक जण पाण्यात शिरतो. माझ्या पुढचा गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाला, "लाइटना मीटर देखनारा शे का काय हाऊ?" दोघं खूप वेळ हसत होते. पुढे मुंबईच्या एका महोत्सवात याच शेवटासाठी वनाची वाहवा झाली. दिग्दर्शकाने स्वतः चौकटीत शिरून काय काय मोडलं, यावर एका विद्वानाने भाषण केलं. त्यातले शब्द मी नंतर कोशात पाहिले. तरी उलगडा झाला नाही. वनाने पुढे आणखी एक सिनेमा केला, त्याचा शेवट अगदी ठाकठीक होता, आणि तो कुठे लागल्याचं मी ऐकलं नाही. आता वना जळगावला केळीच्या लागवडीवर माहितीपट करतो.

मी शिरपूरच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. वना जवळच्या खेड्यातला. शाळेत असताना पुस्तकं न्यायचा, मग पुण्याला शिकला, मुंबईत दुसऱ्यांच्या सिनेमांवर राबला, आणि एक दिवस स्वतःचा सिनेमा घेऊन परत आला. अहिराणीतल्या सिनेमाला निर्माता मिळाला नाही, म्हणून सगळं त्याने स्वतःच उभं केलं. संवाद मला लिहायला सांगितले. मी नको म्हणणार होतो, पण कसं म्हणावं ते ठरेपर्यंत पहिलं पान लिहून झालं होतं.

गोष्ट साधी होती. एका घरातला झुलाल नावाचा मुलगा शहरात जातो. घरी कानबाई, म्हणजे खानदेशातली घरोघरची देवी, बसवायची असते, सगळे येतात, झुलाल येत नाही. शेवटी विसर्जनाला कानबाई डोक्यावर घेऊन नदीत उभी असलेली आई मागे वळून पाहते. रस्ता रिकामा. बस. त्या रिकाम्या रस्त्यासाठीच हा सिनेमा करतोय, असं वना म्हणायचा.

आईचं काम त्याने आपल्याच आईला, ताईबाईंना दिलं. भावांची कामं सख्खे भाऊ रुपचंद आणि निंबा यांना. काकांचं काम करणारे गृहस्थ ऐनवेळी आले नाहीत, तेव्हा मला टोपी घालून उभं केलं. भाड्याचा कॅमेरा चालवायला आधार नावाचा जळगावचा माणूस होता. त्याला वनाची एकच शिस्त: मी 'कट' म्हणेपर्यंत बंद करायचं नाही. आवाज नंतर मुंबईत भरायचा होता, त्यामुळे कोणी काही चुकीचं बोललं तरी चालणार होतं.

कानबाई आमच्याकडे श्रावणात बसते. कॅमेरा मिळाला मार्गशीर्षात. वनाला वाटलं, आई नाही म्हणेल. ताईबाईंनी लगेच होकार दिला. फक्त विचारलं, बठ्ठा घरना माणसे राहतीन ना? घरचे सगळे राहतील, असं वना म्हणाला. मला तेव्हाच काहीतरी समजायला हवं होतं का, ते सांगता येत नाही. वना गेली कित्येक वर्षं श्रावणात घरी आला नव्हता, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं.

शनिवारी रोटाचे गहू मोजायचं दृश्य होतं. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाने एक मूठ. ते गहू दळून रोट करायचे, आणि ते घरच्यांनीच खायचे, परक्याला द्यायचे नाहीत. ताईबाई नाव घेऊन मूठ टाकत होत्या. रुपचंद, निंबा, सुना, नातवंडं. मग माझ्याकडे बघून थांबल्या.

"नाना, तुम्हनी मूठ धरू का?"

हे संवादात नव्हतं. मी वनाकडे पाहिलं, तो कॅमेऱ्याच्या बाजूला वाकला होता. सिनेमात मी घरचा, एरवी परका. "धरा," असं मी म्हणालो असेन, कारण त्यांनी मूठ टाकली. मग आणखी एक टाकली आणि म्हणाल्या, "वना."

वनाने 'कट' म्हटलं. सिनेमातला मुलगा येत नाही, त्याची मूठ नको, असं त्याने आईला समजावलं. ताईबाईंनी सुपाकडे बोट केलं. एकत्र झालेल्या गव्हातून त्याची मूठ कशी वेगळी काढायची ते तू दाखव, असं त्यांचं म्हणणं. वना हसला. चालेल, म्हणाला, नाव आवाज भरताना बदलू.

रविवारी कानबाई बसली. नारळाला मुखवटा, नथ, हिरवं लुगडं. आरती झाली, रोट झाले. वनाला आरती पुन्हा हवी होती, कारण पहिल्या वेळी उजेड कमी पडला. ताईबाईंनी ताट खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "घरनी कानबाई शे. तुन्हा सिनेमानी नही." आरती पुन्हा झाली नाही. मी रोट खाल्ला. वनाचं ताट झाकून ठेवलं होतं. काम उरकू दे, म्हणत तो दिवसभर बाहेरच होता.

सोमवारी सकाळी नदी. एकच रीळ उरलं होतं, आणि कॅमेरा त्याच दिवशी परत जायचा होता. डफ वाजत होते, बाया फुगड्या घालत होत्या. ताईबाई कानबाईचा चौरंग डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात शिरल्या. आधारने कॅमेरा सुरू केला. आता मागे बघायचं, असं वनाने हाताने खुणावलं.

त्यांनी मागे पाहिलं नाही. चौरंग उतरवायला रुपचंद पुढे झाला, त्याला त्यांनी मान हलवून थांबवलं. निंबालाही. डफ एकेक करून बंद पडले. पाण्याच्या थंडीने असेल किंवा ओझ्याने, त्यांची मान थरथरू लागली. रीळ फिरत होतं.

"वना, हात लाव."

वना आधारजवळ उभा होता. तो रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. मग आईकडे. मग चपला न काढताच पाण्यात शिरला. उजेड मोजायचं यंत्र गळ्यात तसंच होतं. त्याने चौरंगाला हात लावला, दोघांनी मिळून तो उतरवला. ताईबाईंनी पदराची गाठ सोडली आणि रोटाचा तुकडा त्याच्या तोंडात घातला.

आधारने मला हळूच विचारलं, "नाना, बंद करू?"

'कट' म्हणणारा माणूस पाण्यात उभा राहून घास चावत होता. माझ्या हातात कागद होते, त्यांत यातलं काहीच नव्हतं. रीळ संपलं आणि कॅमेरा नुसता फडफडत राहिला.

मुंबईला आवाज भरायच्या आदल्या दिवशी वनाने मला विचारलं, आता हा कोण? आई 'झुलाल' म्हणाली तर परत आलेला मुलगा होतो. 'वना' म्हणाली तर सगळा सिनेमाच मोडतो. रिकामा रस्ता तर रिळात कुठेच नाही. तुम्ही लिहा, नाना. मी रात्रभर दोन्ही लिहून पाहिलं, दोन्ही खोटं वाटलं. शेवटी नावच गाळलं. नुसतं 'हात लाव' ठेवलं.

ताईबाईंना वाचता येत नव्हतं. आवाज भरायच्या काळोख्या खोलीत मी त्यांच्या कानाशी वाक्य सांगायचो, पडद्यावर बघत त्या बोलायच्या. वना काचेपलीकडे बसला होता. नदीचं दृश्य आलं. मी म्हणालो, "हात लाव."

त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. काचेकडे पाहिलं.

"वना, हात लाव," त्या म्हणाल्या.

काचेपलीकडे दिव्याच्या उजेडात त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. पुन्हा घेऊ, असं तो आता म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. तो आईकडे बघत राहिला. हे असंच ठेवायचं का, असं यंत्रावर बसलेल्या माणसाने मान वळवून त्याला विचारलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली कागदाकडे पाहिलं.