काळ्या कापडाआडचा आवाज

झेरॉक्सच्या दुकानातून निघालेली रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. प्रत्येकाच्या मुठीत नखाएवढं मेमरी कार्ड. कुणाच्या कार्डातून लग्नाचे फोटो गेलेले, कुणाच्या कार्डातून गेलेल्या नवऱ्याचं हसू. आत परतबुवा बसले होते. गेलेलं परत आणतात म्हणून परतबुवा. संगणकावर काळं कापड, कापडाखाली बुवांचं डोकं, बाहेर फक्त वाणी.

"बाइट भटकतात, ताई. मेगाबाइटचा जीव गिगाबाइटमध्ये अडकतो. ओढून काढावा लागतो."

कापड सरकायचं, पडद्यावर फोटो उमलायचे, रांगेतले हात आपोआप जुळायचे.

दवाखान्यातली सिस्टर आज रांगेत होती, पण हात जोडायला नव्हे.

महिन्यापूर्वी ती खरोखरच आशेने आली होती. आईने फोनवर बोलून पाठवलेले निरोप तिने कार्डात जपले होते. आई गेली, आणि आठवड्याने तिच्याच थकलेल्या बोटाने ते चुकून पुसले गेले. रांगेत तिने शेजारणीला सगळं सांगितलं, ते बुवांच्या कानावर पडलं. आत गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "कापडाखाली काय करता?" बुवांचा चेहरा आंबला.

"आवाज रुसलाय, ताई. शेवटच्या घटकेला तुम्ही आईजवळ नव्हता ना? आता हे कार्ड कशालाच लावू नका. उरलंसुरलंही जाईल."

नव्हतीच ती. ड्युटीवर, दुसऱ्याच कुणाच्या आईच्या उशाशी होती. ते वाक्य महिनाभर घशात काट्यासारखं रुतून राहिलं.

काटा काढला वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी.

"अहो, यादीतून पुस्तकाचं नाव खोडलं, तर पुस्तक कपाटातून उडून जातं का? त्या जागी दुसरं ठेवेपर्यंत ते तिथेच असतं. पुसलेल्या फायलीचंही तसंच. कार्ड कशालाही लावलं नाहीत ते बरं झालं. बुवाने भीती घातली, आणि त्या भीतीनेच आवाज वाचवला."

त्यांनी एक प्रोग्राम उतरवून घेतला. "फुकट आहे, आणि उघडा आहे. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचावं, सुधारावं, वाटावं. मुक्त स्रोत म्हणतात याला. फक्त बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, वाटेल तिथून नाही. आणि सापडलेलं दुसरीकडे साठवायचं, याच कार्डावर नाही."

पडद्यावरची पट्टी सरकत सरकत भरली. मग आई बोलली.

"अगं, जेवलीस का? ड्युटीवर असशील तर धावत येऊ नकोस. मी बरी आहे."

सिस्टरला रडू यायला हवं होतं. आला तो राग, थंड आणि टोकदार.

"बुवांना एक सुई टोचायची आहे," ती म्हणाली. "सावकाश."

म्हणून आज तिच्या हातात नवं कार्ड होतं. मागे उभ्या पोस्टमनला तिने त्यातले पाच फोटो फोनवर दाखवले. "मोजून ठेवा, भाऊ." मग कार्ड फोनमधून काढून बुवांपुढे केलं.

"नाडी बघतो." डोकं कापडाखाली गेलं, बाहेर आलं. "अरेरे. कोरं झालंय, ताई. तीन बैठका लागतील."

"कोरं?" पोस्टमन म्हणाला. "आत्ताच तर पाच फोटो पाहिले मी."

जखमेवरची पट्टी ओढावी तसं सिस्टरने कापड ओढलं. पडद्यावर तोच फुकटचा प्रोग्राम उघडा होता. दोन ठिकाणी बोट दाबलं, आणि पाचही फोटो सगळ्यांदेखत परत आले.

"हा यांचा मंत्र. काही तुमच्याच हातून पुसलं जातं, ते हा प्रोग्राम परत आणतो. चांगलं कार्ड आलं, तर हेच पुसतात आणि हेच परत आणतात."

"ताई, पोटावर पाय देऊ नका."

"नाही देत. बसा. रांगेतल्या प्रत्येकाला हे शिकवा, कापडाशिवाय. शेवटच्या माणसापर्यंत मी इथून हलत नाही."

संध्याकाळपर्यंत बुवांचा घसा बसला. दर माणसामागे सिस्टर विचारायची,

"आवाज रुसतो का, बुवा?"

"नाही रुसत."

"मोठ्याने."

यंत्रात भूत नसतं, आपल्याला न कळलेली एखादी पायरी असते. ती विचारा, शिका, पुढच्याला शिकवा. आपल्या माणसाच्या आवाजाची एक प्रत आजच दुसरीकडे ठेवा. आणि यंत्रावर कुणी कापड टाकलं, तर हात जोडू नका. त्याच हाताने ते ओढा.