फक्त नावाची फर्माइश

खट्! रेडिओचं बटण फिरलं आणि दुपारची शांतता मोडली. मी ताटात तांदूळ निवडत होते. एरवी रेडिओ मीच लावते. आज सासूबाईंनी, म्हणजे माईंनी लावला.

"बायकांचं लागायची वेळ झाली ना गं?"

"झाली," मी म्हटलं, आणि निवडलेल्या तांदळांत पुन्हा खडे शोधू लागले.

देवासच्या आमच्या घरात घड्याळ आहे, पण दिवस चालतो तो रेडिओवर. भजनं लागली की स्टोव्ह पेटतो, बातम्यांना ह्यांचा कारखान्याचा डबा भरून होतो, बाजारभाव सुरू झाले की डाळ चढते. मग फर्माइशी. मला गाण्यांपेक्षा त्याआधीची नावंच आवडतात. लोहारद्याहून अमके, नालछ्याहून तमकी, एवढी सगळी माणसं एका दमात. दिवाळीत शेजारच्या उमाशंकर भैयांचं नाव आलं तर त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. माईंनी पेढा खाल्ला, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "'उमाशंकर और उनके सात साथी' म्हणे! सातही त्याचीच पोरं. घरचं नाव असं वाऱ्यावर सोडतं का कुणी?"

आणि मी नेमकं तेच करून बसले होते. तीन आठवड्यांपूर्वी, माझी लेक गुड्डी झोपली असताना, बायकांच्या कार्यक्रमाला एक पोस्टकार्ड टाकलं होतं. तेव्हापासून दर बुधवारी माझे कान रेडिओकडे आणि डोळे माईंकडे. वाचलं जावं असंही वाटे, आणि माईंनी तेवढं ऐकू नये असंही.

आधी लोणच्याची कृती झाली. मग एक डॉक्टरीणबाई मुलांच्या खोकल्यावर बोलल्या. माईंनी रेडिओलाच सुनावलं, "एवढं शिकलीस, पण ओवा नाही सांगितलास." मग पत्रं सुरू झाली.

"देवास से यमुना लिखती हैं, 'दीदी, मुझे कोई गीत नहीं सुनना। शादी में मेरा नाम बदल दिया गया। सात बरस से किसी ने मुझे पुराने नाम से नहीं पुकारा। आप दिन भर इतने लोगों के नाम लेती हैं, एक बार मेरा भी ले लीजिए।'"

मग पत्र वाचणारी ती बाई, जवळ बसून बोलावं तशी म्हणाली, "यमुना... यमुना बहन, सुन रही हो न?"

"हो," मी म्हटलं. अगदी हळू, पण तोंडातून निघून गेलं.

धारला माहेरी आई अंगणातून ज्या नावानं हाक मारायची, ते हे नाव. लग्नात ह्यांनी तांदळावर अंगठीनं 'प्रेमला' लिहिलं. नाव माईंनीच ठरवलेलं. वाईट नाही ते. सात वर्षं मी त्याला ओ देतेच आहे.

पुढचं गाणं लागायच्या आत माईंनी रेडिओ बंद केला. आता माहेर उद्धरणार!

"पोस्टकार्ड आहे का घरात?"

"आहे."

"आण. ह्या यमुनेला पत्र लिहायचंय. मला लिहिता येत नाही, तूच लिही. अन् मराठीत लिही. समजतं तिला."

मी कार्ड गुडघ्यावर घेतलं. माई पदराच्या टोकानं रेडिओ पुसत सांगू लागल्या.

"चिरंजीव यमुनेस अनेक आशीर्वाद. तुझं ऐकलं. माझं माहेर नालछ्याचं. आधीची तीन भावंडं गेली, म्हणून माझं नाव चिंधी ठेवलं. दृष्ट लागू नये म्हणून. सासरी लक्ष्मी केलं. नाव मोठं झालं, पण चिंधी माझी होती. त्या नावानं हाक मारणारं आता एकही माणूस राहिलं नाही. लिहिलंस?"

"लिहिलं."

"पुढं लिही. मी माझ्या सुनेचंही नाव बदललं. तिला विचारलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, तर विचारायचं असतं हे सुचणार कुठून?"

माझा हात थांबला.

"काय झालं? शाई संपली?"

"नाही."

"मग लिही की. सून गुणाची आहे. वरण पातळ करते, पण गुणाची आहे. हे तिला तोंडावर सांगणं जमत नाही."

माईंनी ओळखलं होतं. माझं 'हो' ऐकून, की ते नाव त्या कधी विसरल्याच नव्हत्या, कोण जाणे. विचारायची माझी छाती झाली नाही. त्याही माझ्याकडे बघत नव्हत्या. पुसून लख्ख झालेला रेडिओ पुसतच होत्या.

तेवढ्यात गुड्डी शाळेतून आली. दप्तर भिरकावलं आणि माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं. घरी मराठी, शाळेत हिंदी, अक्षरं जोडत जोडत तिनं वाचलं, "य-मु-ना." मग कार्ड उलटं केलं.

"पत्ता तो लिहिलाच नाही! रेडिओवाल्यांना पाठवायचं?"

"त्यांना कशाला?" माई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "यमुनेलाच पोचलं पाहिजे."

गुड्डीनं पेन माझ्या बोटांत नीट बसवून दिलं आणि कार्ड पुढ्यात धरलं.

"बता ना आई, ही यमुना राहते कुठे?"