काटेमहाराजांनी ओढलेली चरबी

९६.२ किलो. सोमवार, सकाळ.

डायलिसिस केंद्रासमोरच्या मांडवात निम्मं वडूज लोटलं होतं. मधोमध वजनकाटा, शेजारी झाकलेलं पितळी ताट. माजी सुभेदार लालासाहेब काट्यावर चढले आणि त्यांच्या बायकोनं, मंगलनं, डोळे मिटले. भक्तीनं नव्हे. नवऱ्याचे लटपटणारे पाय तिला बघवेनात.

लालासाहेबांची मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगल आपलं एक द्यायला तयार होती, पण डॉक्टर म्हणाले होते, "आधी ह्यांची चरबी घटवा, मग ऑपरेशन." म्हणून सहा आठवडे, बसल्या जागी चरबी ओढणाऱ्या काटेमहाराजांकडं ही वारी.

"काटा मारलेला आसंल!" गर्दीतून गुंडा ओरडला. ऊस घालून कारखान्याच्या काट्यावर हात पोळलेला माणूस; बापावर ठेवील, पण काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यानं खताचं पन्नास किलोचं सीलबंद पोतं आणून आदळलं. काटा म्हणाला, ५०.१.

"शंभर ग्रॅम पोत्याचं. काटा खरा हाय गड्या!"

झालं. काटा खरा, म्हणजे महाराज खरा. सगळे हात जुळले.

"जा बाळ," महाराज म्हणाले, "डॉक्टरांचं यंत्र लावून ये. मी इथून चरबी ओढतो."

९२.८ किलो. तोच सोमवार, संध्याकाळ.

महाराजांनी ताटावरचं फडकं उचललं. पिवळट गोळा!

"तीन किलो चारशे! चरबी!"

मंगलनं वाकून वास घेतला. डालडा.

"महाराज, माझंबी वजन ओढा की. मीबी काय कमी न्हाई."

"तुमचं प्रारब्ध वेगळं, माई. आम्ही फक्त डायलिसिसवाल्यांचं ओढतो."

"आन् दर सोमवारी ह्यांचं पुन्हा वाढतंय ते?"

"ती नवी चरबी. पापाची. कडधान्य, अंडी बंद आहेत ना? फक्त पेज?"

३.५ लिटर. केंद्रातल्या मशीनचा आकडा.

मंगल तडक समोर गेली. डायलिसिस करणाऱ्या अपेक्षानं आजचा कागद दाखवला.

"काकू, काकांची लघवी बंद. पिलेलं पाणी अंगातच साठतं. आज मशीननं साडेतीन लिटर काढलं. लिटरला किलो."

"मग तकडं काट्यावर तीन किलो चारशेच कसं घटलं?"

"मधी चहा पिले की काका!"

९३.१. मंगळवार, सकाळ.

"आज डायलिसिस न्हाई. आज ओढा," मंगलनं मांडवात सांगितलं.

"मंगळवारी आम्ही मौनात असतो."

"ऱ्हावा की मौनात," गुंडा म्हणाला, "काट्याला कुटं तोंड लागतंय?"

गर्दी हसली. महाराजांना पळायला वाट उरली नाही.

९३.९. मंगळवार, संध्याकाळ.

आठशे ग्रॅम जास्त! ताटावरचं फडकं कुणी उचललंच नाही. गोळा भलत्या दिवशी कुठून आणायचा?

पण गुरुवारी केंद्रात लालासाहेब हट्टाला पेटले. "आगं, सहा आठवड्यांमागं डायलिसिस झाल्यावर पंचाण्णव भरायचो. आता त्र्याण्णवच्या आत. ते तर खरंच गेलं न्हवं?"

"गेलं, काका," अपेक्षा म्हणाली. डायलिसिस संपल्यावर तिनं त्यांच्या हातापायाला तारा लावल्या. अंगात पाणी किती, चरबी किती, मांस किती, ते सांगणारं ते यंत्र. "चरबी होती तेवढीच आहे. गेलंय ते मांस. डायलिसिसमध्ये तसंही झिजतं, त्यात तुमची अंडी बंद. खुर्चीतून हात न टेकता उठा बघू."

सुभेदार उठले. अर्ध्यावर बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले.

"आपरेशन?" मंगलनं विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, आधी ताकद परत आणायची. तीन महिने तरी पुढं."

मंगलनं नवऱ्याच्या मांडीवर हात ठेवला. सैल झालेली विजार तिला आतापर्यंत चांगली खूण वाटत होती.

काट्यात खोट नव्हती, ती वजन करायच्या वेळेत होती: एकदा डायलिसिसआधी, एकदा नंतर. काटा फक्त किती ते सांगतो. काय ते सांगत नाही. तेव्हा बाबांनो, कुणी तुमचं वजन घटवून दाखवलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: गेलं ते पाणी, चरबी की मांस? आणि जो सांगू शकत नाही, त्याच्यापुढं आपल्या माणसाला उभं करू नका.