सहावं सेमेस्टर

“हायस्कूल नाई बाई, हायस्कूल नाई!” गुणवंतरावांनी हातातला कागद टेबलावर असा आपटला, की दौत डुचमळली. “होखशूल म्हणजे आपल्या कॉलेजाच्या बरोबरीचं. अन् हे नागपूरवाले काय लिहितेत? उमेदवार जर्मनीतल्या जंगल हायस्कुलात शिकला, सबब अपात्र! मी काय तिथी पाढे पाठ कराले गेलतो?”

इंदुताईंनी आधी दौत सावरली, मग कागद उचलला. चांद्याच्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. निकालाचे दिवस होते, समोर सातवीच्या पेपरांचा ढीग होता, बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं, आणि हा गृहस्थ आठवड्यात तिसऱ्यांदा दारात उभा राहिला होता.

गुणवंतराव जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून होते. दिवसभर सागाचे ओंडके मोजायचे, त्यांवर हातोड्यानं नंबर पाडून घ्यायचे, हे त्यांचं काम. पण गावात त्यांना सगळे ‘जर्मनवाले’ म्हणत. लढाईच्या आधी सिंदेवाहीकडच्या एका मालगुजारानं त्यांची हुशारी पाहून, पदरमोड करून त्यांना वनशास्त्र शिकायला जर्मनीला धाडलं होतं. आता नागपूरचं सरकार वनरक्षकांसाठी नवी शाळा काढत होतं. तिथं शिकवायला माणूस हवा होता. अट अशी, की तो तीन वर्षं वरच्या दर्जाचं वनशास्त्र शिकलेला असावा आणि नेमणुकीच्या वेळी पंचेचाळीसच्या आत असावा. गुणवंतराव त्रेचाळीस वर्षांचे होते.

“मग भाऊ, तुम्हीच नीट भाषांतर करून पाठवा ना,” इंदुताई म्हणाल्या.

“पाठवलं. तं म्हणतेत, उमेदवारानं आपल्याच कागदाचं भाषांतर करू नये. जर्मन जाणणाऱ्या जबाबदार माणसाची सही पाह्यजे. आता चांद्यापासून शिरोंच्यापर्यंत जर्मन जाणणारा माणूस एकच. मी!”

“मग?”

“मंग तुमी शिकून घ्या.”

इंदुताईंनी चष्मा काढला. “मी?”

“बी. ए. हाये तुमी. संस्कृत झालं हाये. चार पानांपुरतं तं शिकाचं हाये. नाईतर मी इंग्रजी सांगतो, तुमी लिहा अन् सही ठोका.”

“मला कळल्याशिवाय मी सही ठोकत नाही,” इंदुताई म्हणाल्या. ते सगळ्या चांद्याला ठाऊक होतं.

असं ते जर्मन सुरू झालं. इंदुताईंनी लग्न केलेलं नव्हतं, सुट्टीत वरोऱ्याला भावाकडे जायचं तेवढं असे. तेही त्यांनी पुढं ढकललं. नागपूरहून एक जाडजूड कोश मागवला. सकाळी सातला गुणवंतराव इंदुताईंच्या ओसरीवर यायचे आणि डेपो उघडायच्या वेळेला उठायचे. इंदुताईंना वाटलं होतं, आठवडाभराचं काम. पण पहिल्याच शब्दाला गाडं अडलं.

“सेमेस्टर म्हणजे सहामाही. लिहू?”

“लिहा. पण सहामाहीत शिकवणं चारच महिने.”

“आणि उरलेले दोन महिने?”

“व्याख्यान नसतेत.”

“म्हणजे सुट्टी.”

“सुट्टी नाई बाई! मोकळा वेळ म्हणतेत त्याले. पण मोकळा नसते. आमी जंगलात राहो, झाडं मोजो, माती तपासो.”

“मग त्याला सुट्टी म्हणायचं की काम?”

“झेमेस्टरच म्हणाचं,” गुणवंतराव म्हणाले. तो शब्द उच्चारताना त्यांचा आवाज वेगळाच होई.

पुढं ‘बेलेग्ट’ नावाचा शब्द आला. अमुक सेमेस्टर बेलेग्ट, तमुक सेमेस्टर बेलेग्ट. कोशात पाहावं तर अर्थ निघाले ते असे: झाकलेला, अडवलेला, बसलेला घसा, पांढरी पडलेली जीभ, आणि वर काहीतरी ठेवून खायचा पाव. इंदुताईंनी कोश मिटला. “भाऊ, तुमच्या सहामाहीची जीभ पांढरी पडली होती, असं लिहून देऊ का नागपूरला?”

“नाव नोंदवलं, असा त्याचा अर्थ,” गुणवंतराव कळवळून म्हणाले.

पण कळस झाला तो प्रोफेसरांच्या शिफारसपत्रात. त्यात लिहिलं होतं, की हा गृहस्थ स्वतः एक वरचं सेमेस्टर असल्यानं त्यानं खालच्या सेमेस्टरांना फार मदत केली. इंदुताईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. “माणूस सहामाही कसा असेल?”

“असते. तिथी विद्यार्थ्यालेच झेमेस्टर म्हणतेत. वय झालेल्या माणसाले बी म्हणतेत, जुनं झेमेस्टर हाये म्हणून.”

“कालावधी तोच, वर्ग तोच, माणूसही तोच! शब्दांचं दिवाळं निघालं होतं का त्या देशात?”

चिडचिड होई, पण रात्री पेपर तपासताना क्रियापदं मनात घोळत. ही भाषा आपल्याला आवडू लागली आहे, हे इंदुताईंनी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी राहिली अभ्यासाची वही. तिथली पद्धत अशी, की सेमेस्टर सुरू होताना प्रत्येक विषयापुढे प्रोफेसर एक सही करायचे आणि सेमेस्टर संपल्यावर दुसरी. दोन्ही सह्या असल्या, की तो विषय पुरा झाला. इंदुताई एकेक पान उलटत गेल्या. पाच सेमेस्टर दोन्ही रकाने भरलेले. सहाव्याला, म्हणजे एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात, पहिला रकाना भरलेला आणि दुसरा कोरा.

“हे काय?”

गुणवंतराव ओसरीच्या खांबाकडे बघत होते. “तार आलती. बाप आजारी होता. जहाज सोडलं असतं तं दुसरं महिन्यानं होतं. तीनच आठोडे राह्यले होते बाई. प्रोफेसर म्हणले, जाऊन ये, हिवाळ्यात आलास की सह्या करतो. मी घरी आलो अन् तिकडे लढाई पेटली.”

“नंतर पत्र नाही पाठवलंत?”

“कोणाले पाठवता? ते गावच जळालं बॉम्बमध्ये. दफ्तर गेलं, प्रोफेसर बी गेले.”

इंदुताईंनी ते पान पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, “सहा नोंदवले, पाच पुरे झाले, असं लिहावं लागेल.”

“पाच लिहिलं तं अडीच वर्षं होतेत! अट तीनची हाये. सहा पुरे लिहा. इथी कोण तपासणार हाये?”

“मी तपासलंय.”

“तीन आठोड्यांसाठी?”

“तीन मार्कांसाठी मी पोरी नापास केल्यात, गुणवंतभाऊ.”

गुणवंतरावांनी वही उचलली, चपला पायात सरकवल्या आणि ते चालू लागले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्यांची बायको आली.

रुखमाबाईंना इंदुताईंनी बाजारात पाहिलं होतं तेवढंच. नऊवारी लुगड्यातली, हाडकुळी, भरभर बोलणारी बाई. दिलेल्या पाटावर ती बसली नाही, उंबऱ्याशीच टेकली.

“तुमी काऊन अडवून राह्यल्या त्याइचा कागद?”

“मी अडवला नाही, बाई. जे आहे ते लिहिते म्हटलं.”

“जे हाये ते तुमाले कुठी ठाऊक हाये? बाप आजारी नोयता. बापानं तार ठोकली ते लग्नासाठी. माह्यासंग. पोरगा गोरी बायको करून आणन, म्हणून भेव पडला म्हाताऱ्याले.” रुखमाबाईंचा आवाज चढला. “आखाडीच्या आंधी आले. लग्न लागलं. मले म्हणले, कार्तिकात मी जातो, शेमिस्टर पुरं करतो, मंग तुले नेतो. मी दोन लुगडे वेगळे काढून ठेवले होते बोटीत घालाले. मंग लढाई आली. माह्यावर कदी हात नाई उगारला त्याइनं, कदी बोलले नाई. पण सोळा वर्सं झाले बाई, मी पाहून राह्यली. त्या वहीत जे कोरं राह्यलं ते माह्यामुळं राह्यलं. तुमी तेवढं भरून टाका. तुमच्या बापाचं काय जाते?”

वर्गातली पोर असं बोलली असती तर इंदुताईंनी तिला बाकावर उभं केलं असतं. त्या आत गेल्या, पाण्याचा तांब्या आणला. रुखमाबाईंनी पाणी घेतलं आणि तांब्या पालथा घालून ठेवला.

“खोटं मी लिहिणार नाही,” इंदुताई हळूच म्हणाल्या. “पण खरं आहे तेवढं सगळं लिहीन.”

“खऱ्यानं नोकरी भेटते काय?” रुखमाबाई उठल्या. “पाहा बापा, तुमी शिकेल आहा.”

इंदुताईंनी सगळं लिहिलं. सेमेस्टर हा शब्द तसाच ठेवला आणि खाली टीप दिली. तो शब्द कालावधीला कसा वापरतात, विद्यार्थ्याला कसा वापरतात, व्याख्यानं नसतात तेव्हाही अभ्यास कसा चालू असतो, नोंदवणं म्हणजे काय, पुरं होणं म्हणजे काय, सहाव्याचे तीन आठवडे का राहिले, लढाई कधी लागली. चार पानांच्या भाषांतराला नऊ पानांच्या टिपा झाल्या. आठवड्यानं गुणवंतराव वही घेऊन परत आले. त्यांनी त्या वाचल्या, अर्जाला जोडल्या आणि रजिस्टरनं पाठवल्या.

पावसाळा संपता संपता नागपूरहून उत्तर आलं. सेमेस्टर म्हणजे टर्म, सेशन की वर्ष, ते भाषांतरकारानं एका शब्दात कळवावं. इंदुताईंनी दोन पानं लिहून, एका शब्दात का कळवता येत नाही, ते कळवलं. मग आलं ते असं: सेमेस्टरात शिकवणं चारच महिने होत असल्यानं सहा सेमेस्टर म्हणजे चोवीस महिने, म्हणजे दोन वर्षं. उरलेल्या काळात उमेदवार कुठे होता, याचा खुलासा व्हावा.

“जंगलात!” गुणवंतराव ओसरीवर ओरडले. “जंगल शिकाले गेलतो, जंगलात होतो! कचेरीत बसून झाडं वाढतेत काय?”

“ओरडू नका. लिहिते,” इंदुताई म्हणाल्या. त्यांनीही टाक रागानं दौतीत बुडवला.

पत्रं चालू राहिली, म्हणून धडेही चालू राहिले. भूतकाळ झाला, भविष्यकाळ झाला. मग राज्यच बदललं. छप्पनच्या नोव्हेंबरात चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि गुणवंतरावांचा कागद नागपुरातून उठून मुंबईला गेला. तिथल्या कुणीतरी सगळं पहिल्यापासून विचारलं. होखशूल म्हणजे हायस्कूल का, हेसुद्धा.

सत्तावनच्या मार्चमध्ये निकाल लागला. मुंबईच्या साहेबानं लिहिलं होतं, की भाषांतर व टिपा पाहता सहाव्या सेमेस्टरची नोंद धरून तीन वर्षांची अट पुरी समजण्यास हरकत नाही. तथापि उमेदवारास गेल्या महिन्यात पंचेचाळीस वर्षं पूर्ण झाल्यानं अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

इंदुताईंनी तो कागद उभ्यानंच वाचला.

“मी दोन वर्षांपूर्वी सरळ सहा पुरे लिहिले असते, तर तुम्ही आज त्या शाळेत असता,” त्या म्हणाल्या.

गुणवंतरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. “उद्या ओंडक्यांचा लिलाव हाये,” ते म्हणाले. “सकाळी येणं होणार नाई.”

मे महिन्यात इंदुताई वरोऱ्याला निघाल्या, तेव्हा नवरा-बायको दोघंही स्टेशनवर पोचवायला आली. रुखमाबाईंनी इंदुताईंच्या भावाच्या मुलांसाठी चारोळीची पुरचुंडी आणली होती. त्या नेहमीप्रमाणे नवऱ्यापासून चार हात लांब, बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या.

बल्लारशाहकडून गाडी आली आणि पहिल्या वर्गाच्या डब्यातून एक धिप्पाड गोरा माणूस खाली उतरला. कुठल्याशा नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला आलेला फिटर असावा. चहावाल्यापुढं तो हातवारे करत होता, आणि चहावाला त्याला पुन्हा पुन्हा चहाच देत होता. शेवटी तो गोरा आपल्या भाषेत तडकला.

गुणवंतराव पुढं झाले. “याले उकळलेलं पाणी पाह्यजे, साधं, पत्ती न घालता,” त्यांनी चहावाल्याला सांगितलं, आणि मग त्या माणसाशी बोलू लागले. गोऱ्याचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यानं त्यांचा हात हातात धरला तो सोडेचना. भोवती ही गर्दी जमली. कुठं शिकलात, त्यानं विचारलं. गुणवंतरावांनी गाव सांगितलं. त्यानं हळहळून मान हलवली. ते गाव त्याला माहीत होतं. मग त्यानं विचारलं, किती सेमेस्टर?

इंदुताई डब्याच्या दारात उभ्या होत्या. त्या गर्दीत तो प्रश्न कळलेलं दुसरं माणूस नव्हतं.

गुणवंतराव ताठ उभे राहिले. “मी सहाव्या सेमेस्टरला आहे,” ते म्हणाले.

होतो नव्हे. आहे. इंदुताईंनी क्रियापद नीट ऐकलं होतं.

गोऱ्यानं त्यांच्या पांढऱ्या कल्ल्यांकडे पाहिलं आणि थट्टा समजून तो खो खो हसला, पाठीवर थाप मारली. गुणवंतरावही हसले, जरा उशिरा.

रुखमाबाई दाराशी सरकल्या. “बाई, काय इचारलं त्यानं? अन् हे काय म्हणले?”

इंदुताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “किती शिकलात, असं विचारलं,” त्या म्हणाल्या. “भाऊ म्हणाले, सहा सेमेस्टर. पुरे केले.”

“पुरे?”

“पुरे.”

चारोळीची पुरचुंडी रुखमाबाईंनी इंदुताईंच्या हातात दिली, डोईवरचा पदर सारखा केला, आणि माणसांच्या गर्दीतून वाट काढत जाऊन नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. गाडी हलली तेव्हा त्या तिथंच उभ्या होत्या, त्या परक्या माणसाकडे मान वर करून बघत.